सासूबाईंना तेलुगू, मला मराठी : केबलचे महिना ३८० रुपये द्यायचे की बंद करायचं?

गणवेश शिवणारी, दत्त नगर

नमस्कार. घरातल्या केबलबद्दल विचारायचं आहे. जरा लांबेल, पण घरची परिस्थिती सांगितल्याशिवाय तुम्ही तरी काय सांगणार.

नवरा चादरीच्या कारखान्यात आहे, पाळी बदलत असते. मी घरीच शाळेचे गणवेश शिवते. कापलेला माल कारखान्यातून येतो, शिवून द्यायचा, नगावर पैसे. मुलगी यंदा बारावीला. आणि सासूबाई, त्यांना मी अत्तम्मा म्हणते. वय ७२. चाळीस वर्षं विड्या वळल्या त्यांनी, आता डोळ्यांना नीट दिसत नाही आणि गुडघ्यामुळे जिना उतरवत नाही. त्यांना तेलुगू बोलता येतं, मराठी समजतं, पण वाचता काहीच येत नाही. माझं माहेर बार्शीचं, मी मराठी.

केबलला महिन्याला ३८० रुपये रोख देते. माझी दीड दिवसाची शिलाई जाते त्यात. इतके दिवस कधी विचार केला नव्हता. आता मुलीला अभ्यासासाठी वायफाय पाहिजे. फायबरवाल्यानं ३९९ सांगितले, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७१. दोन्ही धरून ८५१ होतात आणि तेवढं आम्हाला जमणार नाही. नवरा म्हणतो केबल काढून टाक, सगळं नेटवर दिसतं. आमच्या गल्लीत तीन घरांनी काढलंसुद्धा.

मी केबलवाल्या दादांना हिशोब मागितला. त्यांनी पावतीच्या मागे लिहून दिला : नेटवर्क फी १३०, पॅक १३५, तेलुगूचे तीन चॅनेल सुटे, १९ प्रमाणे ५७. झाले ३२२. त्यावर १८ टक्के कर ५७.९६. एकूण ३७९.९६. हिशोब बरोबर आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार त्या १३५ च्या पॅकबद्दल आहे. त्यात खेळाचे चॅनेल आहेत, कार्टून आहे, इंग्रजी पिक्चर आहेत, गाण्यांचे दोन-तीन आहेत. आमच्या घरात कार्टून बघणारं लेकरू आता कुणी राहिलं नाही. आम्हाला लागणारे मराठी चॅनेल त्यात मोजून तीन. मी म्हटलं, मला तेवढे तीनच द्या. तर म्हणाले, ताई, तसं होत नाही, पॅकच घ्यावं लागतं. मग तेलुगू सुटे कसे मिळतात? तर म्हणाले, ते पॅकमध्ये नाहीत म्हणून सुटे.

हीच गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली आहे. महाराष्ट्राचा म्हणून जो पॅक मिळतो त्यात तेलुगू नाही. हैदराबादकडे माझी नणंद राहते, तिच्या पॅकमध्ये मराठी नाही. आमच्या सोलापुरात एका भिंतीपलीकडे कन्नड, दुसऱ्या भिंतीपलीकडे उर्दू, खालच्या मजल्यावर मराठी आणि आमच्या एकाच स्वयंपाकघरात दोन भाषा. पॅक ठरवणाऱ्यांनी असलं घर कधी बघितलंच नाही असं वाटतं. दुसरी भाषा बोलली की वरचे पैसे.

आता बंद का करवत नाही ते सांगते. अत्तम्मा दुपारी दोन वाजता टीव्हीसमोर बसतात. डोळ्यांनी फार दिसत नाही, त्या ऐकतात. हातात मिरच्यांची देठं काढायचं नाहीतर लसूण सोलायचं काम असतं. मी शेजारी मशीनवर. लग्न होऊन आले तेव्हा मला तेलुगूतला एक शब्द येत नव्हता. या घरात मी जे तेलुगू शिकले ते असंच, मशीन चालवत, त्यांच्या मालिका ऐकत. मध्ये जाहिरात लागली की त्या मला सांगायच्या की ही कोण, तिचं त्याच्याशी काय नातं. आज मी त्यांच्या बहिणीशी फोनवर तेलुगूत बोलते. नवरा दिवसभर कामावर असायचा, त्यानं नाही शिकवलं.

दुसरं म्हणजे आमच्या सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा. पूर्वी अत्तम्मा दरवर्षी संमती कट्ट्यावर देवाच्या लग्नाच्या अक्षता टाकायला जायच्या. आता गर्दीत नेणं शक्य नाही. तीन वर्षं झाली, त्या आपल्या लोकल केबल चॅनेलवर सातही नंदीध्वज, म्हणजे मानाच्या काठ्या, येताना ऐकतात आणि घरातच अक्षता टाकतात. मार्कंडेय महामुनींचा रथ नारळी पौर्णिमेला निघतो, तोही तिथंच. मोठ्या चॅनेलवर या गोष्टी दोन मिनिटांच्या बातमीत उरकतात.

आमचा टीव्ही जुना आहे, बत्तीस इंची, स्मार्ट नाही. मोबाईल अत्तम्मांना हिरवं बटण दाबून उचलता येतो, त्यापलीकडे नाही. रिमोटवरचे तीन आकडे मात्र त्यांना बोटांनी पाठ आहेत.

सुटे चॅनेल खरंच मिळत नाहीत का? आणि ज्यांनी केबल काढलं, त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं काय झालं? कृपा करून खरं सांगा.

---

विडी घरकुल

ताई, आम्ही दोन वर्षांपूर्वी केबल सोडून डीडी फ्री डिश बसवली. छत्री, बॉक्स, वायर आणि बसवणाऱ्याची मजुरी सगळं मिळून १,७०० रुपये गेले. त्यानंतर आजपर्यंत एक रुपया नाही. दूरदर्शनची ही सेवा २००४ पासून चालू आहे आणि तिला महिन्याचे पैसे कधीच नव्हते. गच्चीवर जागा पाहिजे आणि छत्रीची दिशा नीट बसली पाहिजे, एवढंच.

पण तुमच्या सासूबाईंसाठी सांगतो. सह्याद्री मिळेल. तेलुगूत दूरदर्शनचे यादगिरी आणि सप्तगिरी मिळतील, कन्नडचं चंदना मिळेल. खाजगी तेलुगू चॅनेलवरच्या ज्या मालिका त्या बघतात, त्या तिथं मिळणार नाहीत. फ्री डिशवर खाजगी चॅनेल पैसे भरून जागा घेतात, जागांचा लिलाव होतो. त्यामुळे आज दिसणारं मराठी चॅनेल पुढच्या वर्षी असेलच असं नाही. आमचं एक आवडतं असंच गेलं.

माझी आईसुद्धा तेलुगूच. तिनं पहिले दोन महिने यादगिरीवर काढले. भक्तिगीतं, शेतीचे कार्यक्रम ऐकायची. मग हळूहळू टीव्ही लावणंच सोडलं आणि शेजारी जाऊन बसायला लागली. तिथं केबल आहे. आम्ही पैसे वाचवले हे खरं आहे. पण संध्याकाळी आई घरात नसते, हेही खरं आहे. तुम्ही खरं सांगा म्हणालात म्हणून लिहिलं.

---

विजापूर रोड, निवृत्त शिक्षक

मी केबल काढून पूर्ण नेटवर गेलेला माणूस आहे, म्हणून माझा अनुभव.

‘सगळं नेटवर दिसतं’ हे तुमच्या यजमानांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. दिसतं, पण एका ठिकाणी दिसत नाही. स्टार प्रवाहच्या मालिका जिओहॉटस्टारवर. झी मराठीच्या झी फाइव्हवर. तेलुगूत स्टार मा पुन्हा हॉटस्टारवर, ई टीव्हीचं ई टीव्ही विन वेगळं, जेमिनीचं सन नेक्स्ट वेगळं. म्हणजे तुमच्या घरच्या दोन भाषांसाठी चार ॲप झाली. चारही घेतली तर केबलचे पैसे वाचवले असं म्हणता येणार नाही. शिवाय नेटवरचं जुन्या टीव्हीवर दिसण्यासाठी मागे लावायची काडी (स्टिक) विकत घ्यावी लागेल.

एक फुकटचा पर्याय आहे. प्रसार भारतीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये वेव्ज नावाचं ॲप काढलं. त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या थेट दिसतात. सह्याद्रीसाठी मी तेच वापरतो.

पण बहिणबाई, पैशापेक्षा वेगळी अडचण सांगतो. टीव्ही चालू केला की चॅनेल लागतं, ही सवय आमच्या पिढीच्या हाडात आहे. नेटवर आधी ॲप उघडा, मग नाव शोधा, मग कुठल्या भागापर्यंत आलो ते बघा. माझी पत्नी पदवीधर आहे. तिलाही पहिले कित्येक दिवस मला हाक मारावी लागत होती. मी घरी नसलो की टीव्ही बंद. तुमच्या सासूबाईंना वाचता येत नाही म्हणता, त्यांना ते पडद्यावरचे चौकोन काय सांगणार?

मुलीसाठी फायबर मात्र घ्याच. बारावीचं वर्ष आहे.

---

सत्तर फूट रोड

आमच्याकडे कन्नड आणि मराठी, तुमच्यासारखंच. सुटे मिळतात. आम्हाला मिळाले. केबलवाल्याच्या मागं लागावं लागतं.

---

केबल लाइनवर १९ वर्षं

ताई, मी तुमचा केबलवाला नाही, पण धंदा हाच. सोलापुरातच लाइन आहे माझी, म्हणून दोन्ही बाजू सांगतो.

सुटे चॅनेल मिळतात. ट्राय म्हणजे सरकारी दूरसंचार नियामक, त्यांचा नवा दर आदेश १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाला, तेव्हापासून प्रत्येक पैशाच्या चॅनेलला स्वतःची छापील किंमत आहे आणि ग्राहकाला एकेक निवडायचा हक्क आहे. पॅक घ्यायलाच पाहिजे असा नियम नाही. मग आम्ही पॅकच का पुढं करतो? एक तर पॅकवर सवलत असते. कंपनी सुट्या किमतींच्या बेरजेवर ४५ टक्क्यांपर्यंत कमी करून पॅक देते, त्यामुळे पंधरा चॅनेल बघणाऱ्या घराला पॅकच परवडतो. दुसरं, एका लाइनवर शेकडो घरं. प्रत्येकाची वेगळी यादी सिस्टीममध्ये भरायची, दर बदलले की परत भरायची, त्याला माणूस लागतो. म्हणून आमच्यातले बरेच जण ‘होत नाही’ म्हणून मोकळे होतात. हे चूक आहे, मी मान्य करतो.

आता तुमचा हिशोब. मराठी तीन आणि तेलुगू तीन, सगळे सुटे, जास्तीत जास्त १९ धरले तर ११४. नेटवर्क फी १३०. झाले २४४, करासकट २८८. महिन्याला ९२ वाचतात. आणि नेटवर्क फीमध्येच फुकटचे चॅनेल येतात, २०२० पासून १३० रुपयांत २०० पर्यंत. बातम्यांचे बरेचसे त्यातच येतात. दूरदर्शनचे द्यावेच लागतात, ते या २०० मध्ये धरत नाहीत. एक लक्षात ठेवा, जुलै २०२४ मध्ये ट्रायनं नेटवर्क फीची कमाल मर्यादा उठवली. तुम्हाला अजून १३० च लावतात, म्हणजे तुमचा माणूस वाईट नाही.

त्या १३० मधलं ट्रायच्या नमुना करारात ४५ टक्के आमचं, ५५ टक्के वरच्या कंपनीचं, म्हणजे जिच्याकडून आम्हाला चॅनेल येतात तिचं. म्हणजे एका घरामागं ५८ रुपये ५० पैसे. त्यातून वायर, खांबावरचा ॲम्प्लिफायर, त्याचं लाइट बिल, पोराचा पगार. उन्हाळ्यात पत्र्यावर चढून जोड मारताना हात भाजतात. लोक दर महिन्याला विचारतात, एवढे पैसे कशाचे? आम्ही काय सांगणार. २०१३ च्या आधी महिन्याला एक रक्कम, चिठ्ठी फाडली, संपलं. ३१ मार्च २०१३ ला सोलापूर डिजिटलमध्ये गेलं, देशातल्या दुसऱ्या टप्प्याच्या ३८ शहरांत आपण होतो. तेव्हापासून घराघरात बॉक्स आला आणि किल्ली वरच्या कंपनीच्या हातात गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये दरांवरून चॅनेलवाल्यांचं आणि वरच्या केबल कंपन्यांचं भांडण झालं, बऱ्याच ठिकाणी काही चॅनेल काही दिवस बंद पडले. शिव्या आम्ही खाल्ल्या. आमच्या हातात एक बटणसुद्धा नव्हतं.

बंधनांचं म्हणाल तर बॉक्स खरंच अडकवून ठेवतो. आमच्या कंपनीचा बॉक्स दुसऱ्याच्या लाइनवर चालत नाही. सोडून गेलात तर नवा घ्या. हे बदलायला पाहिजे असं मलाही वाटतं.

आणि लोकल चॅनेल. गड्ड्याला आमची पोरं दोन दिवस आधी वायरी टाकतात. ज्यांना जाता येत नाही त्यांच्यासाठीच टाकतो. तुमच्या अत्तम्मा घरात बसून अक्षता टाकतात हे वाचून बरं वाटलं, आमच्या पोरांना दाखवतो.

शेवटचं. आधी आठवडाभर बघा, घरात खरंच काय लागतं. लोक सांगतात एक आणि बघतात दुसरं.

---

गणवेश शिवणारी, दत्त नगर

दोन आठवड्यांनी लिहिते आहे, माफ करा. शाळा सुरू व्हायच्या आधीचा माल होता, मान वर करायला वेळ नव्हता.

लाइनवाल्या दादांचं ऐकलं. मशीनच्या खणात मापाची वही असते, तिच्यातच मागच्या पानावर लिहीत गेले. कोणत्या वेळेला कुठलं चॅनेल, किती वेळ. आठ दिवस. पॅकमधल्या खेळाच्या चॅनेलवर नवऱ्यानं एक दिवस वीस मिनिटं मॅच बघितली, नंतर झोपला. इंग्रजी, कार्टून, गाणी, एकदाही नाही. मराठी तीनमधले मी दोनच बघते. तिसऱ्यावर फक्त रविवारचा पिक्चर असतो आणि तो अर्धा बघून मी स्वयंपाकाला उठते.

अत्तम्मांचं मात्र वेगळंच निघालं. तीन तेलुगू चॅनेल आम्ही घेतो, त्यातलं एक त्या लावतच नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, त्याचा आकडा मला कुणी सांगितलाच नाही. एक वर्ष मी त्याचे १९ रुपये, वर कर, भरत होते. मला फार वाईट वाटलं. पैशाचं नाही, तेवढं वर्ष शेजारी बसून मला कळलं नाही याचं.

मग चार चॅनेल ठरवले, दोन तेलुगू, दोन मराठी. ७६ आणि १३०, २०६. करासकट २४३. केबलवाले दादा पहिल्यांदा नाहीच म्हणाले. मी त्यांना १ फेब्रुवारी २०१९ चं सांगितलं आणि म्हटलं, दादा, मी केबल बंद करायला आले नाही, ठेवायला आले आहे. सुटे दिले तर ठेवते. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि फोन लावला. तिसऱ्या दिवशी झालं. त्यांना ५८ रुपये मिळतात हे मला आधी ठाऊक नव्हतं. त्या दिवशी उन्हातनं आले होते, त्यांना पाणी आणि ताक दिलं.

फायबर घेतलं. ४७१ आणि २४३, ७१४ होतात. अजून जड आहे. म्हणून माझ्या आणि नवऱ्याच्या मोबाईलचा रिचार्ज लहान केला, घरात वायफाय आहे तर रोजचा डेटा लागत नाही. मुलगी रात्री अकरापर्यंत अभ्यास करते. गुरुजी, तुमचं वेव्ज तिनं तिच्या मोबाईलवर टाकून दिलं.

विडी घरकुलच्या भाऊंना सांगायचं आहे की तुमच्या आईचं वाचून मी त्या रात्री अत्तम्मांपाशी बराच वेळ बसले. छत्री घ्यायचं माझ्या मनात पक्कं होत आलं होतं, तेच वाचून थांबले. तुम्ही लाजेनं ते लपवलं असतं तर मी घेऊन बसले असते. आईला जमलं तर दुपारी आमच्याकडे घेऊन या. दोघी एका भाषेच्या आहेत. मी घरीच असते.

लाइनवाल्या दादांना एक विचारायचं राहिलं. दिवाळीनंतर आम्ही सगळे महिनाभर बार्शीला असू, माझ्या आईचं ऑपरेशन आहे. तेवढा महिना केबल बंद ठेवता येईल का, की पैसे जाणारच?

---

केबल लाइनवर १९ वर्षं

ठेवता येतं. महिना किंवा महिन्याच्या पटीत तात्पुरतं बंद करायची सोय नियमात आहे. आधी कळवावं लागतं, म्हणून तोंडी सांगू नका, कागदावर लिहून द्या आणि त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. परत चालू करायला काही शुल्क लागतं का, तेही त्याच दिवशी विचारून घ्या. आणि जानेवारीच्या आधी नक्की चालू करून घ्या ताई, संक्रांतीच्या वेळी अक्षता आहेत.

---

विडी घरकुल

ताई, आईला विचारलं. रविवारी आणतो. ती म्हणते, लसूण मी पण सोलते.